आत्या सांगेपर्यंत

ऑकलंड, ४ फेब्रुवारी १९९६

सेइनी,

जहाजाने पेटी पाठवली आहे. उघडताना आधी दार लावून घे, नाहीतर अर्धं गाव आत येऊन बसेल आणि तू भिडेपोटी निम्मी पेटी वाटून मोकळी होशील. मांसाचे डबे चर्चच्या जेवणासाठी, कापड माझ्या भावासाठी, लोकर आणि पावडर येणाऱ्या बाळासाठी. सेमिसीला म्हणावं, कापड शिवून घाल, पेटीत जपून ठेवू नकोस, तू काही राजा नाहीस.

आता मुख्य गोष्ट. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात गोल चकत्या आहेत, मागून चिकट, अंगाच्या रंगाच्या. त्या तुझ्या तेलेसियासाठी. पोरगी दिवस गेल्यापासून ओकतेय असं तू लिहिलंस, आणि नर्स म्हणते पहिलटकरीण आहे, कंबर अरुंद आहे, बाळंतपण राजधानीतल्या हॉस्पिटलातच करायचं. म्हणजे जहाजाच्या दोन रात्री आल्या. ही मुलगी किनाऱ्याला बांधलेल्या होडीत बसूनही ओकायची, हे मी विसरलेले नाही. त्या दोन रात्री तिचं कसं होईल ह्या विचाराने मला इथे झोप लागत नाही.

मी ज्या हॉटेलात खोल्या आवरते तिथे मोठ्या बोटींवरचे म्हातारे प्रवासी उतरतात. त्यातल्या एका गोऱ्या आजीने जाताना उरलेल्या मूठभर चकत्या माझ्या हातावर ठेवल्या. कानामागे एक लावली की समुद्र अंगणासारखा होतो म्हणाली. तीन दिवसांनी बदलायची, बस. ऐंशीच्या पुढची बाई, ठणठणीत होती. मग आपल्या तरण्याताठ्या पोरीला काय होणार आहे.

पेटी मिळेल त्याच दिवशी उजव्या कानामागे लाव, ओकारीही थांबेल. आणि माझं नाव घेऊन तिला सांग, बदलायची तेवढी बदलायची, पण आत्या सांगेपर्यंत काढायची नाही. वेंधळी आहे ती, अंघोळीला काढून ठेवेल आणि कोंबडी गिळून जाईल.

खरं तर मी यायला हवं. आत्याने पोटाला तेल लावल्याशिवाय आपल्यात पहिलं बाळंतपण झालेलं नाही. पण माझे इथले कागद अजून झाले नाहीत. एकदा देशाबाहेर पडले तर परत आत घेणार नाहीत. तेव्हा ती चकती म्हणजेच माझा हात समजा.

लोसालिने


बेटावरून, ३ मार्च

वन्सं,

पेटी मिळाली. दार लावलं होतं, पण पाद्रीबाई खिडकीशी आल्या, त्याला मी काय करणार. त्यांना एक डबा दिला. बाकीचं सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कापड सेमिसीने पेटीत जपून ठेवलंय.

चकती लावली त्या दिवशी घरात सणच होता. सेमिसीने प्रार्थना म्हटली, जावई आंघोळ करून आला, आणि मी माझ्या हाताने तेलेसियाच्या कानामागे ती बसवली. दुसऱ्या दिवशी पोरीने मासा खाल्ला आणि तो पोटात राहिला. अळूच्या पानातलं मांस खाल्लं, तेही राहिलं. मी मागच्या दारी जाऊन रडले. तुमचा हात दुरूनही चालतो, वन्सं, हे कबूल करायलाच हवं. आता ती रोज सकाळी उठली की आधी बोटाने चकती दाबते, तुमचं नाव घेते, मग डोळे चोळून उठून बसते.

तिचं जाणं मात्र लांबलंय. जहाज आलं ते धूर ओकत. कप्तान म्हणाला, अशा इंजिनावर गरोदर बाई घेणार नाही, पुढच्या खेपेला बघू. हे पत्र आणि पोती तेवढी घेऊन तो परत चाललाय. पोरीपेक्षा पोती नशीबवान.

एक विचारायचं होतं. ओकारी नाही पण तिचं तोंड कोरडं पडतं, सारखं पाणी मागते. आणि चटई विणताना पट्ट्या चुकते. तेलेसिया, जिने लहानपणापासून पट्टी चुकवली नाही, तिने परवा वीतभर विणलेलं उसवलं. म्हणते जवळचं धूसर दिसतं. उजवा डोळा संध्याकाळी दुखतो आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. सितानी, आपला जावई, म्हणतो माझी बायको आता संतांच्या चित्रात जाणार. सगळे हसले. मला तितकंसं हसू आलं नाही.

मी म्हटलं, चार दिवस चकती काढून बघू या. तर तिने हाताने कानच झाकून घेतला. म्हणून तुम्हाला विचारते. काढू का? तुमचं उत्तर येईपर्यंत मी हात लावणार नाही.

सेइनी


ऑकलंड, २० मार्च

सेइनी,

काढू का म्हणून काय विचारतेस. जी वस्तू लावल्यावर पोरगी जेवायला लागली ती काढायची कशाला? अगं, पोटात बाळ असलं की बाईचं सगळंच बदलतं. माझा थोरला पोटात होता तेव्हा मला मिठाचा वास यायचा, मिठाला कधी वास असतो का. तोंड कोरडं पडतं तर नारळपाणी दे. धूसर दिसतं तर विणणं बंद ठेव, चटई काही पळून जात नाही. तिला सक्त सांग, मी सांगेपर्यंत काढायची नाही. आणि जहाजावर एक पुरेनाशी झाली तर दुसऱ्या कानामागेही लाव.

इथे चर्चमधल्या बायकांना मी सांगितलं की माझ्या भाचीची ओकारी मी दोन हजार किलोमीटरवरून थांबवली. सगळ्या माझ्याकडे चकत्या मागतायत. मी म्हटलं, त्यासाठी आधी माझी भाची होऊन जन्माला या.

बाळासाठी टोपी विणतेय. पिवळी.

लोसालिने


राजधानीचं हॉस्पिटल, ६ एप्रिल

वन्सं,

हे पत्र हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. तुमचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते जहाजाने बेटाकडे गेलं असेल आणि आम्ही त्याआधीच इकडे आलो. घाबरू नका म्हणणार होते, पण मीच घाबरलेली आहे.

मागच्या आठवड्यात तेलेसिया सकाळी उठली ती उजवा डोळा दाबूनच. डोळा लाल, पाणी गळतंय, बुबुळ धुरकटलेलं. कपाळाचं हाड फुटतंय म्हणत होती. आणि पुन्हा ओकायला लागली, आधीपेक्षा जास्त. जेवण नव्हतं तरी ओकत होती. त्या डोळ्याने दिवा पेटलाय एवढंच कळत होतं.

गावात जो तो एकच म्हणाला. गरोदर बाईला असं होतं ते आत्याचा जीव दुखावला की होतं. सेमिसी नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग आम्ही क्षमा मागितली, वन्सं. रिवाजाप्रमाणे फाटक्या चटया कमरेला गुंडाळल्या, आणि भिंतीवरचा तुमचा तो लांब कोटातला फोटो खाली ठेवून त्याच्यासमोर माना घालून बसलो. मी सगळं सांगून टाकलं. पाद्रीबाईला एक नाही, दोन डबे दिले होते. आणि मागच्या वर्षी तुम्ही पाठवलेल्या झग्याला मी तंबू म्हटलं होतं. फोटो ऐकत होता की नाही देव जाणे. पोरीचं दुखणं तसूभर कमी झालं नाही.

ओकारी परत आली म्हणजे चकतीचा जोर कमी पडला असं आम्हाला वाटलं. म्हणून दुसऱ्या कानामागेही एक लावली.

नर्सने रेडिओवरून इथे कळवलं, तेव्हा आरमाराची बोट आली. त्या बोटीवरचं काही सांगत नाही. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. काचबिंदू म्हणाला. मी म्हटलं, तो म्हाताऱ्यांना होतो. म्हणाला, हा हळूहळू येणारा नाही, हा एकदम झडप घालतो. डोळ्यात पाणी साचून डोळा आतून दगडासारखा ताठ झालाय. हातात सुई लावून बाटली चढवली, गोळ्या दिल्या, थेंब सुरू केले. पण प्रत्येक औषधाआधी तो थांबतो आणि तिच्या पोटाकडे बघतो. एक गोळी बाळाला बरी नाही, थेंबांनी बाळाचं काळीज मंदावू शकतं. सुईण पोटाला कर्णा लावून ऐकते, मगच तो पुढचं औषध देतो. थेंब घातला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा, म्हणजे औषध खाली उतरून बाळापर्यंत जात नाही. ते काम माझ्याकडे आहे. दिवसभर माझं बोट तिथेच असतं. आई म्हणून ह्यापलीकडे मला काही करता येत नाही.

डोळ्यातला ताण दिवसा उतरतो आणि सकाळी पुन्हा तितकाच. डॉक्टर चक्रावलाय. नर्सने विचारलं, त्याने विचारलं, काही औषध घेत होती का. मी म्हटलं, नाही. खरंच आहे. गोळी नाही, पाला नाही, काही नाही.

चकत्या जागेवर आहेत, त्याची काळजी करू नका. केसांखाली आहेत, इथे कुणाला दिसलेल्याही नाहीत. वन्सं, आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. मनापासून एकदा म्हणा की राग नाही. तुम्ही म्हणालात तर ती बरी होईल.

सेइनी


ऑकलंड, १२ एप्रिल

सेइनी,

वाचत बसू नकोस. आधी चकत्या काढ. दोन्ही. काढून फेकून दे, साबणाने हात धू, तिचेही धुव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आज आलं. मी ते घेऊन आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे गेले. डोळ्याचे चांगले थेंब असतील तर पाठवावेत म्हणून. पत्रातलं सगळं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने विचारलं, काही औषध घेत होती का. मी पण हेच म्हणाले सेइनी, तुझ्यासारखंच. औषध काही नाही, फक्त मी पाठवलेली चकती. त्याने आत जाऊन जाडं पुस्तक आणलं आणि बोट ठेवून मला वाचून दाखवलं. चकतीत औषध असतं. त्याने बाहुली मोठी होते. काही माणसांच्या डोळ्यातली पाणी जायची वाट मुळातच अरुंद असते, बाहुली पसरली की ती मिटून जाते. ज्या बोटाने चकती दाबली तेच बोट डोळ्याला लागलं तर आणखीच. आणि ती रोज सकाळी माझं नाव घेऊन तेच करत होती.

चकतीने तिचा डोळा घेतलाय. मी घेतलाय. तुमच्या कुणाचं काही चुकलेलं नाही. राग कसला, सेइनी. तंबू तर तंबू. तो झगा होताच तसा.

औषधवाल्याने स्वतः तुमच्या हॉस्पिटलला फोन लावला. कुणीतरी उचलला, थांबा म्हणालं आणि थांबवूनच ठेवलं. मग तुटला. मग लागेचना. उद्या आमच्या चर्चमधले एक जण विमानाने येतायत, त्यांच्या हाती हे देते. ते विमानतळावरून थेट हॉस्पिटलात येतील. मी दाराशीच उभी आहे असं वाटतं आणि दार दिसत नाही.

लोसालिने


राजधानीचं हॉस्पिटल, १५ एप्रिल

वन्सं,

तुमच्या माणसाने पत्र आणून दिलं. चकत्या आधीच काढल्या आहेत. कशा काढल्या ते सांगते, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

तुमचं वीस मार्चचं पत्र बेटावर जाऊन परत आलं. सेमिसीने न फोडताच ते जहाजाने इकडे पाठवलं. त्याच सकाळी डॉक्टर तेलेसियाच्या खाटेवर येऊन बसला. म्हणाला, बाई, मी दिवसभर पाणी उपसतोय आणि कुणीतरी मागून ओततंय. तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. मी म्हटलं, काही नाही. म्हणता म्हणता माझी नजर पोरीच्या कानाकडे गेली आणि माझ्या नजरेमागोमाग त्याचीही.

त्याने केस बाजूला केले आणि त्याला चकती दिसली. उपटायला हात पुढे केला तर तेलेसियाने त्याचं मनगट धरलं. तिच्या अंगात उठून बसायचं बळ नव्हतं, वन्सं, पण मनगट सोडेना.

"आत्या सांगेपर्यंत नाही," म्हणाली. "काढलीत तर माझं बाळ अडेल."

डॉक्टर आपल्यातलाच आहे. त्यालाही आत्या असणार. त्याने हात मागे घेतला आणि मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. डोळ्यात एक मोरी असते, चकतीने ती तुंबलीय. दोघी-तिघींनी धरून मी आत्ता काढू शकतो, म्हणाला, पण ही जिवाच्या आकांताने झटापट करेल, डोळ्यातला ताण आणखी चढेल, आणि त्या धसक्याने आत्ताच कळा सुरू झाल्या तर बाळ अजून कच्चं आहे. तुझ्या नणंदेला बोलाव.

कुठून बोलावू? माझ्या हातात तुमचं पत्र होतं. मी ते नुकतंच वाचलं होतं. एक पुरेनाशी झाली तर दुसऱ्या कानामागेही लाव, असं होतं त्यात.

मी आत गेले. म्हटलं, आत्याचं पत्र आलंय. तिने पाकीट हातात घेतलं, नाकाशी नेलं, तुमच्या पावडरीचा वास ओळखला. डोळ्यांवर पट्टी, म्हणून म्हणाली, वाच. आणि मी वाचलं. "माझ्या तेलेसिया, चकतीचं काम झालं. आता काढ. तुझ्यावर माझा राग नाही. बाळ सुखरूप येईल." एवढंच. त्यातलं एकही अक्षर कागदावर नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्यापुढे मान वर केली नाही, आणि त्या दिवशी तुमच्या तोंडातले शब्द चोरले.

तिने स्वतःच्या हाताने दोन्ही काढल्या आणि माझ्या तळव्यावर ठेवल्या. "आत्याला लिही, मी लगेच ऐकलं," म्हणाली.

मग ताण उतरला तो परत चढला नाही. दोन दिवसांनी डॉक्टरने दोन्ही डोळ्यांच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट म्हणून. नुसता डोळा बधिर करून, तिला डाव्या कुशीवर कलतं ठेवून. मी पायाशी उभी होते आणि सुईण पोटाला कर्णा लावून होती. बाळाचं काळीज सगळा वेळ चालू होतं. डावा डोळा वाचलाय. उजव्याने उजेड कुठून येतो एवढंच कळतं. त्यापुढे काही येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. आधी काढली असती तर, असं तो बोलायला लागला आणि थांबला.

मला तुमचा राग आला होता. खोटं कशाला लिहू. ते पत्र चुलीत घालावंसं वाटलं. पण मग वाटलं, काढू का म्हणून विचारणारी मीच की. माझ्या पोरीला दिसेना, दुखतंय म्हणून ती सांगतेय, आणि तिच्या कानामागचं काढायला मी जहाजाची वाट बघत बसले.

आता एक काम करा, वन्सं. डाव्या डोळ्याची पट्टी पुढच्या आठवड्यात निघेल. तिला लिहिलेलं वाचता येईल. ती रोज ते पत्र मागते. कळा सुरू झाल्या की मुठीत धरायचंय म्हणते, तुमचा हात म्हणून. मी पट्टी निघेपर्यंत थांब म्हणून वेळ मारून नेतेय. माझ्याकडे ते पत्र नाही. वीस मार्चचं खरं पत्र तिला दाखवता येत नाही. बारा एप्रिलचंही नाही, कारण डोळा चकतीने गेला हे तिला अजून कळलेलं नाही. आत्ता कळलं तर आत्यानेच आपल्याला मारलं असं ती मनात घेईल आणि त्या भीतीतच बाळंत होईल. बाळंतपण पार पडू दे, मग मी स्वतः सांगेन.

तेव्हा ते पत्र तुम्हीच लिहा. मी वाचलेले शब्द वर दिलेत. तारीख वीस मार्चचीच टाका.

सेइनी


ऑकलंड, १९ एप्रिल

सेइनी,

पत्र सोबत आहे. मागच्या वेळचाच कागद वापरलाय. पाकीट तुझ्याकडे आहे, त्यात घाल.

मी इथून निघायला बघितलं. वकील म्हणतो, गेलीस तर परत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. तर म्हणतो, पासपोर्ट कागदांसाठी इथल्या सरकारकडे अडकलाय, तुला विमानात कोण बसू देणार. म्हणजे जाताही येत नाही आणि राहवतही नाही. टोपी झालीये, ती पाठवते.

ही तारीख लिहायला मला फार वेळ लागला. त्या दिवशी मी ह्याच टेबलापाशी बसले होते, हेच पेन होतं. तुझा प्रश्न समोर होता. एका शब्दाचं उत्तर होतं.

तू चोरलं वगैरे काही नाहीस. ते शब्द माझेच असायला हवे होते. तुझ्या शब्दांत थोडे माझे घातलेत, तेलेसिया त्याबद्दल विचारणार नाही. खरं पत्र जाळून टाक.

लोसालिने


ऑकलंड, २० मार्च १९९६

माझ्या तेलेसिया,

तुझ्या आईने विचारलंय, चकती काढू का. काढ. पुढचं वाचायला थांबू नकोस, आधी काढ, हात धू, मग वाच.

काढलीस? शहाणी माझी पोर. चकतीचं काम झालं. तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता. बाळ सुखरूप येईल. पोटाला तेल तुझ्या आईकडून लावून घे. माझ्या हातात जे आहे ते सगळं मी तिच्या हातात दिलंय.

आणि ह्यापुढे तुला काही दुखलं, काही वेगळं दिसलं, तर तुझी आई सांगेल तसं लगेच करायचं. मला विचारायला थांबायचं नाही.

तुझी आत्या